ओझे उचलण्याची रीत : नेहमी होणाऱ्या चुका व त्यांची दुरुस्ती

शेतीच्या कामात ओझे उचलावे लागले नाही, असा दिवस क्वचितच उजाडतो. पेरणीच्या वेळी बियाण्याच्या व खताच्या गोण्या, खळ्यावर धान्याची पोती, कांद्याच्या चाळीपाशी भरलेल्या गोण्या, उसाच्या फडात मोळ्या, आणि बारमाही पाण्याच्या घागरी, शेणखताच्या पाट्या व वैरणीचे भारे. ही सर्व ओझी शेवटी माणसाच्या कमरेवरूनच जातात. तिफण कशी धरावी, आऊत कसे जुंपावे हे घरातील वडीलधारी मंडळी मुलांना हाती धरून शिकवितात. ओझे उचलावे कसे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. ते ज्याचे त्याला आपोआप येते, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा असून त्याची किंमत पुष्कळांना मोजावी लागते.

ऐन सुगीत घरच्या कर्त्या माणसाच्या कमरेत उसण भरली, तर कापणी दुसऱ्याच्या हातांवर सोडावी लागते. मजुरीचा खर्च वाढतो, पीक शेतात उभे राहते, आणि पुढे औषधपाण्याचा खर्च निराळाच. थोडी जमीन असलेल्या शेतकऱ्याचे व रोजावर काम करणाऱ्या मजुराचे खरे भांडवल म्हणजे त्याची पाठ होय. बैल दुखावला तर त्याला आपण लगेच सावलीत बांधतो. स्वतःच्या पाठीची तितकीच काळजी का घेऊ नये? यास्तव ओझे उचलताना कोणत्या चुका होतात, त्या का घातक असतात व त्या कशा सुधारता येतात, याची माहिती येथे दिली आहे.

कमरेवर भार कसा पडतो

पाठीचा कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा बनलेला असतो. त्यांपैकी मानेत ७, पाठीत १२ व कमरेत ५ मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट चकती असते. तिचे बाहेरचे कडे मजबूत तंतूंच्या अनेक थरांचे असते व आतील भाग मऊ आणि पाणीदार असतो. मनुष्य सरळ उभा असताना भार चकतीवर सगळीकडून सारखा पडतो. तो कमरेतून गोल वाकला, की चकतीची पुढची कड दाबली जाते व मागच्या तंतूंवर ताण येतो. असा ताण वारंवार पडत गेला, तर तंतू हळूहळू जीर्ण होतात. चकतीच्या आतील भागास वेदनेची जाणीव नसल्यामुळे ही झीज पुष्कळ दिवस कळतही नाही. मग एखाद्या दिवशी साधी बादली उचलतानाही चमक भरते, आणि माणूस त्या बादलीला दोष देतो. वास्तविक नुकसान त्याआधी कित्येक महिने चाललेले असते.

भार किती पडतो, हे पहारीच्या दृष्टान्ताने चांगले समजते. मोठा दगड हलविताना आपण पहारीखाली टेकण देतो. दगड टेकणापासून जितका लांब, तितका दुसऱ्या टोकास जोर अधिक लावावा लागतो. शरीरात कमरेचा मणका हे टेकण होय. पुढे धरलेले ओझे हा दगड, आणि मणक्यांच्या मागचे स्नायू हे जोर लावणारे हात. हे स्नायू टेकणापासून अवघ्या पाच सेंटीमीटरच्या सुमारास असतात. समजा, वीस किलो मातीचे घमेले मणक्यापासून २५ सेंटीमीटरवर, म्हणजे पोटाजवळ धरले. अशा वेळी स्नायूंना त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे १०० किलोंइतका जोर लावावा लागतो. तेच घमेले हात लांब करून ५० सेंटीमीटरवर धरले, तर हा जोर २०० किलोंवर जातो. शिवाय पुढे वाकलेल्या धडाचे वजन सावरावे लागते ते वेगळेच. घमेले तेच, माणूस तोच. फक्त अंतर वाढले व कमरेवरील भार दुप्पट झाला. ओझे उचलण्याच्या साऱ्या नियमांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

नेहमी होणाऱ्या चुका

१. ओझे न अजमावता उचलणे. पोते पाहिले, की थेट त्याला हात घातला जातो. पावसात भिजलेले तागाचे पोते, ओल्या वैरणीचा भारा किंवा तळाशी गाळ असलेली बादली दिसते त्यापेक्षा जड असते. हलके समजून लावलेला जोर अपुरा पडतो व मधेच झटका बसतो. म्हणून उचलण्यापूर्वी ओझ्याचा एक कोपरा किंचित उचलून किंवा पायाने ढकलून वजनाचा अंदाज घ्यावा. ते कोठवर न्यावयाचे, वाटेत दोर, दगड अथवा चिखल आहे काय, आणि ठेवावयाची जागा मोकळी आहे काय, हेही आधी पाहावे. ओझे अंगावर घेतल्यानंतर वाट शोधीत उभे राहणे हा सर्वांत महाग विश्रांतीचा प्रकार आहे.

२. ओझ्यापासून दूर उभे राहणे. धोतरास अगर कपड्यास माती लागू नये म्हणून पुष्कळजण ओझ्यापासून हातभर दूर उभे राहतात व हात लांब करून ते उचलतात. पहारीचा हिशेब लक्षात घेतल्यास यातील तोटा सहज कळेल. ओझ्याच्या अगदी जवळ जावे. पावलांत खांद्याइतके अंतर ठेवावे व एक पाऊल किंचित पुढे टाकावे. पावले जुळवून उभे राहिल्यास तोल जातो. ओझे उचलल्यावरही ते पोटाशी घट्ट धरावे. कपडे धुता येतात. झिजलेली चकती धुऊन नवी होत नाही.

३. गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकणे. ही चूक सर्वांत अधिक आढळते. गुडघे ताठ राहिले, की पाठ धनुष्यासारखी गोल होते व मांड्यांच्या बळकट स्नायूंना काहीच काम उरत नाही. गुडघे व खुबे दोन्ही वाकवावेत, छाती उघडी ठेवावी, नजर समोर काही अंतरावर असावी, आणि उठताना पायांनी जमीन खाली रेटावी. पाठ 'सरळ' ठेवणे म्हणजे ती उभी ठेवणे नव्हे. धड पुढे झुकले तरी चालते. मात्र ते खुब्यातून झुकावे, कंबर गोल होऊ नये.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. 'नेहमी पूर्ण उकिडवे बसूनच उचला' असा उपदेश सर्रास केला जातो. तो प्रत्येक ओझ्यास लागू पडत नाही. घमेले किंवा लहान गोणी दोन गुडघ्यांच्या मध्ये मावते, तेथे हा नियम उत्तम होय. पण वैरणीचा रुंद भारा गुडघ्यांमध्ये मावत नाही. तेथे पूर्ण उकिडवे बसल्यास गुडघेच आड येतात व ओझे उलट शरीरापासून दूर जाते. अशा वेळी गुडघे अर्धेच वाकवावेत, खुब्यातून झुकावे व भारा अंगाशी ओढून घ्यावा. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी एक गुडघा जमिनीस टेकून ओझे प्रथम मांडीवर घ्यावे आणि मग उठावे.

४. हिसका देऊन उचलणे. 'हां, उचल!' म्हणून एका झटक्यात पोते वर घेण्यात काहींना बळाची परीक्षा वाटते. पण स्थिर वजनापेक्षा हिसक्याचा भार पुष्कळच अधिक असतो. प्रथम हाताची पकड घट्ट करावी, दोर ताणावा तसे हात ताणून घ्यावेत, पोटाचे स्नायू आवळावेत आणि मग एका संथ गतीने उठावे. पोते तागाचे असल्यास दोन्ही कानांना धरावे. हमालांचा आकडा वापरण्याची सवय असेल, तर तो सोबत्याच्या हातास लागणार नाही अशा बेताने वापरावा.

५. उचलता उचलता कंबर पिळणे. गाडीत माल भरताना माणूस एका जागी पाय रोवतो, डावीकडून गोणी घेतो व उजवीकडे टाकतो. वाकणे, पिळणे व भार या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणजे चकतीच्या तंतूंना सर्वाधिक अपाय होतो. कंबर वळवू नये, पावले वळवावीत. नाक, बेंबी व पायांचे अंगठे एकाच दिशेस असावेत, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. माल घेण्याची व टाकण्याची जागा अगदी चिकटून ठेवण्याऐवजी मध्ये दोन पावलांचे अंतर ठेवल्यास माणूस आपोआप पावले टाकून वळतो.

६. एका हाताने ओझे नेणे. भरलेली बादली एकाच हातात घेतली, की धड दुसऱ्या बाजूस कलते व कण्याच्या एका बाजूच्या स्नायूंवर सारा ताण येतो. एका भरलेल्या बादलीऐवजी दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत घ्याव्यात. पाणी तेवढेच येते, कंबर मात्र सरळ राहते.

७. ठेवताना निष्काळजी होणे. उचलताना सावध असलेला मनुष्य ठेवताना घाई करतो, कारण तोवर तो थकलेला असतो. पुष्कळ दुखापती नेमक्या याच क्षणी होतात. ज्या रीतीने उचलले त्याच रीतीने, उलट क्रमाने, खाली ठेवावे. प्रथम ओझ्याची एक कड टेकवावी, बोटे काढून घ्यावीत आणि मग दुसरी कड सोडावी.

८. श्वास रोखून कुंथणे. जड ओझे उचलताना क्षणभर पोट आवळले जाणे स्वाभाविक आहे. परंतु श्वास कोंडून फार वेळ कुंथू नये. उठताना श्वास हळूहळू सोडावा. ज्यांना अंतर्गळ, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून जड ओझे उचलूच नये.

अवेळी उचललेले ओझे

ओझे कोणत्या वेळी उचलतो, यालाही महत्त्व आहे. रात्री आडवे पडले असता मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे मनुष्य संध्याकाळपेक्षा सकाळी सुमारे एक ते दोन सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेल्या चकतीवर वाकताना अधिक ताण येतो. बाजारास माल न्यावयाचा म्हणून पहाटे अंथरुणातून उठून थेट पोती चढविण्याची पद्धत या कारणाने घातक होय. पहिला तासभर गोठा झाडणे, धार काढणे, गाडीची तयारी करणे अशी हलकी कामे करावीत व नंतर ओझ्यास हात घालावा. शक्य असल्यास गाडी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवावी.

तसेच ट्रॅक्टरवर बराच वेळ धक्के खात बसल्यानंतर किंवा दिवसभर वाकून खुरपणी केल्यानंतर लगेच जड ओझे उचलू नये. पाच-दहा मिनिटे सरळ उभे राहून चालावे, कंबर हलकेच मागे झुकवावी आणि मग काम सुरू करावे.

डोक्यावरील व खांद्यावरील ओझे

डोक्यावर घेतलेले ओझे कण्याच्या सरळ रेषेत येते, म्हणून चालताना कमरेस ते पुढे धरलेल्या ओझ्यापेक्षा सुसह्य होते. मात्र सारा भार मानेच्या सात लहान मणक्यांवर येतो, आणि खरा धोका ओझे चढविताना व उतरविताना असतो. चुंबळ जाड व डोक्यावर नीट बसणारी असावी. जमिनीवरून थेट डोक्यावर ओझे एकट्याने कधीही घेऊ नये. सोबत्याच्या मदतीने ते प्रथम कमरेइतक्या उंचीच्या ओट्यावर किंवा गाडीच्या कडेवर टेकवावे व तेथून डोक्यावर घ्यावे. उतरवितानाही हाच क्रम पाळावा.

उसाच्या फडात तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढावे लागते. ही फळी रुंद, न लवणारी व आडव्या पट्ट्या ठोकलेली असावी. तिचा उतार सौम्य असावा, आणि पावसाने अगर दवाने ती निसरडी झाल्यास तिच्यावर माती किंवा पाचट टाकावे. मोळी थोडी लहान बांधल्यास खेपा वाढतात, हे खरे. पण फळीवरून एकदा पाय घसरला, तर त्या कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, सबंध हंगामाची कमाई धोक्यात येते.

स्त्रियांच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक आहे. गरोदरपणी व बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत जड ओझे वाहिल्याने आईस व बालकास अपाय होऊ शकतो. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू सैल असतात. त्या काळात जड ओझी वाहिल्यास पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास जडण्याचा संभव वाढतो. घरातील इतरांनी या काळात पाण्याची व वैरणीची ओझी आपल्याकडे घ्यावीत. हा उपकार नसून कर्तव्य आहे.

भार किती असावा

आतापर्यंत रीतीचा विचार झाला. पण रीत कितीही चांगली असली तरी फार जड ओझे ती हलके करू शकत नाही. ठिकठिकाणच्या कामगारांवरील पाहणीतून असे आढळले आहे, की केवळ उचलण्याचे शिक्षण दिल्याने पाठदुखी फारशी घटत नाही. त्याच्या जोडीस ओझेच कमी करावे लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली अशी शिफारस केली, की एका प्रौढ पुरुष कामगाराने वाहावयाचा भार ५५ किलोंहून अधिक असेल, तर तो शक्य तितक्या लवकर तेवढ्यावर आणावा. स्त्रियांसाठी व तरुणांसाठी तो याहून पुष्कळच कमी असावा, असेही त्या शिफारशीत आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली याहून सावध हिशेब मांडला. ओझे अंगाजवळ, योग्य उंचीवर, पिळा न देता व अधूनमधूनच उचलावयाचे असले, तरी तिने २३ किलो ही मर्यादा धरली. परिस्थिती जितकी प्रतिकूल, तितकी ही मर्यादा खाली येते.

आपल्याकडे पूर्वी क्विंटलचे, म्हणजे १०० किलोंचे पोते एका पाठीवर जात असे. पुढे पन्नास किलोंच्या गोण्या सर्वत्र रुळल्या, आणि युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोंची झाली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही पन्नास किलोंची गोणी हे दोन माणसांचे ओझे आहे, असेच समजावे. हमालांच्या कष्टांची दखल घेऊन आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. शेतावर मात्र असा हिशेब ठेवणारे कोणी नसते. तो शेतकऱ्याने स्वतःच ठेवावयाचा आहे.

दोघांनी उचलताना दोघेही साधारण एकाच उंचीचे असावेत. दोघांपैकी एकानेच इशारा द्यावा, आणि 'एक, दोन, तीन' म्हटल्यावर दोघांनी एकदम उचलावे. खाली ठेवतानाही इशारा द्यावा. एकाने न सांगता हात सोडल्यास सारा भार क्षणात दुसऱ्यावर येतो.

उचलण्यापेक्षा न उचलणे बरे

पुढील सोयी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत :

(अ) घराजवळ किंवा खळ्यावर गाडीच्या साटीइतक्या उंचीचा दगडमातीचा ओटा बांधावा. गोणी ओट्यावरून गाडीत सरकविता येते. ती जमिनीवरून उचलावी लागत नाही.

(आ) कोठारात गोण्या थेट जमिनीवर न रचता लाकडी फळ्यांवर रचाव्यात. त्यामुळे ओलीपासून बचाव होतो व वाकणेही कमी होते. जड गोण्या कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात, हलक्या वर ठेवाव्यात, आणि थप्पी शक्यतो खांद्याच्या वर नेऊ नये.

(इ) दोन चाकांची ढकलगाडी चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घ्यावी. ओझे ओढण्यापेक्षा ढकलणे सामान्यतः बरे.

(ई) शेणखताच्या पाट्या व घमेली काठोकाठ भरू नयेत. घरी भरावयाच्या गोण्या पंचवीस-तीस किलोंच्याच भराव्यात.

कमरेला उपरणे किंवा पट्टा आवळून बांधण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने आधार वाटतो, हे खरे. परंतु निरोगी माणसाची पाठ पट्ट्यामुळे सुरक्षित राहते असे सिद्ध झालेले नाही. पट्टा बांधला म्हणून अधिक ओझे उचलण्याचे धाडस करू नये.

उसण भरल्यास काय करावे

काम ताबडतोब थांबवावे. पहिला दिवस-दोन दिवस विश्रांती घ्यावी, सोसेल तेवढा शेक द्यावा. परंतु आठवडाभर अंथरुणास खिळून राहू नये. झेपेल तितके चालत-फिरत राहिल्यास साधी उसण बहुधा लवकर बरी होते. पायाळू माणसाचा पाय पाठीस लावून घेण्याची रीत अनेक गावांत आहे. साधी उसण काही दिवसांत बहुधा आपोआपच ओसरते व श्रेय त्या पायास मिळते. दुखऱ्या कण्यावर लाथ मारून घेणे, पाठीवर माणूस उभा करणे किंवा कंबर जोराने मोडून घेणे मात्र धोक्याचे आहे.

पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे : पायातील शक्ती कमी होणे किंवा पाऊल लटके पडणे. जांघेत व बैठकीच्या जागी बधिरता येणे. लघवी अडणे अथवा लघवी-शौचावरील ताबा जाणे. पाठदुखीबरोबर ताप येणे. पडल्यानंतर असह्य वेदना होणे. यांपैकी काही लक्षणांत मज्जातंतूंवर दाब आलेला असतो. तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो. कळ कमरेतून पायात उतरत असेल आणि काही दिवसांत कमी होत नसेल, तरीही डॉक्टरांस दाखवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ही माहिती नुसती वाचून दाखविल्याने तिचा उपयोग होणार नाही. प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यासाठी एक सरळ काठी पुरते. काठी माणसाच्या पाठीवर उभी धरावी. ती डोक्याच्या मागील भागास, दोन खांद्यांच्या मधल्या जागेस व माकडहाडास अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता त्या माणसास वाकावयास सांगावे. तो कमरेतून गोल वाकला, तर काठी एका तरी ठिकाणी सुटते. खुब्यातून वाकला, तर तिन्ही ठिकाणी टेकून राहते. आपली चूक त्याला स्वतःच्या अंगाने कळते व वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्यानंतर रिकाम्या पाटीने, मग दहा किलोंच्या ओझ्याने आणि शेवटी दोघांकडून पन्नास किलोंची गोणी उचलवून हाच पाठ घ्यावा.

प्रात्यक्षिक सुगीपूर्वी पंधरवडाभर ठेवावे. खळ्यावर किंवा खतवाटपाच्या ठिकाणी ठेवल्यास माणसे आयतीच जमतात. स्त्रियांना वेगळे व आवर्जून बोलवावे, कारण पाण्याचे, सरपणाचे व वैरणीचे ओझे बहुधा त्यांच्याच डोक्यावर असते. गावातील अनुभवी हमालास पुढे करावे. वर्षानुवर्षे ओझी वाहूनही ज्याची पाठ शाबूत आहे, त्याने ही रीत बहुधा आधीच आत्मसात केलेली असते, आणि त्याचे म्हणणे लोकांना अधिक पटते.

थोडक्यात सांगावयाचे तर : आधी वजन अजमावा, ओझ्याजवळ जा, खुबे व गुडघे वाकवा, ओझे अंगाशी धरा, संथपणे उठा, कंबर न पिळता पावलांनी वळा, जड असेल तर दुसऱ्यास हाक मारा. हाक मारण्यात कमीपणा नाही. एका गोणीसाठी शेजाऱ्यास हाक मारली, तर त्याचा घटकाभर जातो. न मारता कंबर गेली, तर सबंध हंगाम जातो.